तांडेलची पाठवणी

त्या साली पाऊस कार्तिकापर्यंत रेंगाळला. राई गावच्या मिठागरात तुडवून तयार केलेले वाफे दोनदा चिखल झाले, दोनदा पुन्हा तुडवावे लागले, आणि मीठ धरायला माघ उजाडला. एरवी तोवर रास माणसाच्या दुप्पट उंच झालेली असे. मुकादम शिवदास रोज सकाळी बांधावर उभा राहून एकच बोलायचा, "वैशाखापर्यंत दिवस हायेत. पुढं पाऊस कोनाचा ऐकत न्हाय."

धाकू आणि दुर्गा, नवराबायको दोघंही या आगरात कामाला. धाकू लांब दांड्याच्या फळीने वाफ्यातलं मीठ कडेला ओढायचा. दुर्गा बाकीच्या बायकांबरोबर ते पाटीत भरून डोक्यावरून राशीला न्यायची. पंधरा-सोळा जणींची रांग असे. बांध जेमतेम दोन पावलांचा, एका अंगाला खाडीचं अडवलेलं पाणी, दुसऱ्या अंगाला वाफा. भरली पाटी घेऊन जाणारीला रिकामी घेऊन येणारीने अंग चोरून वाट द्यायची. सगळ्यांच्या टाचांना भेगा, आणि भेगांच्या कडा खाऱ्या पाण्याने पांढऱ्या पडलेल्या. संध्याकाळी घरी गेल्यावर खोबरेल लावायचं, सकाळी पुन्हा पाण्यात उतरायचं.

त्यांचं घर गावाच्या टोकाला, बांधाला लागून. घरात ही दोघं, बारा वर्षांची मुलगी मंदा आणि धाकूचा बाप. त्याला सगळा गाव दाजी म्हणे, म्हणून सूनही दाजीच म्हणायची. दाजीने उमेदीची चाळीस वर्षं आगराची उघाडी सांभाळली होती. भरतीला फळ्या उचलून खाडीचं पाणी आत घ्यायचं, ओहोटीला पाडायच्या. आता त्याच्या डोळ्यांवर सायीसारखं आलं होतं आणि डोक्यातही सगळं पहिल्यासारखं राहिलं नव्हतं. उघाडीवर सहा वर्षांपासून दुसरा माणूस होता. पण भरतीची वेळ दाजीला अंगातून कळायची. ती झाली की तो ओटीवरून उठायचा, काठी घ्यायचा आणि खाडीची वाट धरायचा. एकदा तो कांदळवनातल्या चिखलात मांडीपर्यंत रुतलेला सापडला होता, पाणी चढत असताना.

तांडेल आल्यापासून ती काळजी मिटली होती.

तांडेल म्हणजे कुत्रा. दोन वर्षांपूर्वी धाकू बंदरावर मीठ चढवायला गेला असताना रिकामं गलबत धक्क्याला लागलं, तेव्हा त्याच्या नाळेवर, अगदी पुढच्या टोकाला, एक पिल्लू चार पाय रोवून पुढे बघत उभं होतं. खलाशी त्याला तांडेल, म्हणजे गलबताचा म्होरक्या, म्हणत होते. जाताना त्यांनी ते धाकूच्या हातात दिलं. कुठून आणलं, कुणाचं, ते त्यांनाही नीट सांगता येईना. वर्षभरात ते मंदाच्या कमरेला लागेल एवढं झालं. करडा रंग, मानेवर दाट केस, आणि पिवळट डोळे.

त्याला सुटं काही बघवत नसे. दुपारी कोंबड्या अंगणभर पांगल्या की तो त्यांना गोळा करून तुळशीपाशी आणून ठेवायचा. गल्लीत पोरं खेळू लागली की तासाभरात सगळी एका कोपऱ्यात आलेली असायची, आणि पोरांना वाटायचं की आपणच आलो. एखादं पळालंच तर तो मागून जाऊन टाचेच्या वर दात टेकवायचा. चावा असा नव्हे, चिमटा.

दाजीलाही तो तसाच वळवायचा. भरतीच्या वेळी दाजी निघाला की तांडेल शेवटच्या घरापर्यंत मुकाट बरोबर जायचा. मग पुढे होऊन आडवा उभा राहायचा आणि खांद्याने म्हाताऱ्याच्या गुडघ्याला रेटायचा. दाजी शिव्या द्यायचा, काठी उगारायचा. तांडेल दोन पावलं हटून पुन्हा यायचा. शेवटी दाजी कंटाळून माघारी वळायचा, ओटीवर बसायचा आणि मंदाला म्हणायचा, "आज उघाडीवर दुसरा कोन मानूस हाय वाटतं. मना न्हाय जाऊ दिला."

पण दाजी ऊन चढलं की झोपायचा, आणि मग तांडेलला काम उरायचं नाही. मग तो आगरात यायचा.

पहिल्यांदा आला तेव्हा बायका हसल्या. पाट्या घेऊन चाललेली रांग बघून त्याचे कान उभे राहिले आणि तो रांगेच्या कडेकडेने फेऱ्या मारू लागला. कुणी मागे राहिली की तिच्या मागे, कुणी पुढे गेली की तिच्या पुढे. "मुकादम दुसरा आनला का रं?" कुणीतरी म्हणालं आणि शिवदासही हसला. चार-पाच दिवसांनी रांगेतल्या शालूच्या टाचेला दात लागले, तेव्हा हसणं कमी झालं. दुर्गाने तांडेलला घरी खांबाला बांधून ठेवायला सुरुवात केली. दुपारी तो पुन्हा हजर. दोरी दाजीने सोडली होती.

"दाजी, त्याला सोडू नका म्हनून सांगितलंता ना?"

"मुका जीव हाय. आपल्याला कोन बांधून ठेवील तर?"

फाल्गुनाच्या आरंभी विमलाबाई पडली.

विमलाबाई रांगेतली सगळ्यात जुनी. पन्नाशीची, रुंद हाडाची, थोडं बोलणारी. डोक्यावरची चुंबळ सरकली म्हणून ती भरल्या पाटीनिशी रांगेतून एक पाऊल बाहेर सरली आणि बांधाच्या कडेला थांबली. तांडेल कुठून आला ते कुणी पाहिलं नाही. तिच्या टाचेवर त्याने दात टेकवले, ती दचकून वळली, आणि पाटीसकट वाफ्यात गेली. मीठ चिखलात मिसळलं. ती गुडघ्यांवर उठली, लुगड्याचा चिखल निपटला आणि पाटी शोधू लागली. पायातून थोडंच रक्त येत होतं.

दुर्गा धावत गेली. "लागला का गो, विमलाबाय?"

"न्हाय," ती म्हणाली आणि पाटी भरायला गेली.

जखम एवढीशी होती. पण ती घेऊन विमलाबाई आणखी दोन दिवस खाऱ्या पाण्यात उभी राहिली. कुत्र्याचा दात आणि आगराचं पाणी. तिसऱ्या दिवशी तिचा पाय पिंढरीपर्यंत सुजला आणि ती आली नाही. भाईंदरच्या दवाखान्यात पोटात सुया घ्यायला रोज जावं लागेल असं कळलं.

संध्याकाळी दुर्गा सुपात तांदूळ आणि हळद घेऊन तिच्याकडे गेली. विमलाबाई ओटीवर पाय लांब करून बसली होती. पायावर कसलातरी पाला बांधलेला. तिने सुपाकडे पाहिलं, सुनेला हाक मारून ते आत घ्यायला लावलं. दुर्गाला बस म्हणाली नाही. दुर्गा पायरीपाशी उभी राहिली.

"तुझा कुत्रा वाईट न्हाय," विमलाबाई पायावरचा पाला सारखा करत म्हणाली. "पन आमी काय कोंबऱ्या हाव का?"

 दुर्गा रिकामं सूप घेऊन घरी आली.

दुसऱ्या दिवशी रांगेत ती शालूच्या मागे उभी राहिली तेव्हा शालू पुढे सरकली आणि मधे दोन माणसांची जागा मोकळी ठेवली. मागून येणारीनेही तसंच केलं. दिवसभर दुर्गा त्या मोकळ्या जागेतून पाटी वाहत राहिली. दुपारी शिवदास धाकूच्या वाफ्याशी आला. आवाज न चढवता बोलला.

"धाकू, तू कामाला चांगला हायेस. दुर्गाही हाय. पन बायका यायला मागत न्हायेत. कुत्रा पुन्यांदा बांधावर दिसला तर दुर्गाची पाटी बंद. मना दुसरा इलाज न्हाय."

धाकू फळी ओढत राहिला.

"भाकरीत काही घालून टाकला तर एका दिवसाचा काम हाय," शिवदास जाता जाता म्हणाला. "मी आनून देतो, पायजे तर."

त्या दुपारी धाकू भाकरी खायला सावलीत आला नाही. दुर्गाने फडकं सोडून वाट पाहिली, मग भाकरी पुन्हा बांधून ठेवली.

घरी आल्यावर दोघं ओटीवर बसली. तांडेल पायरीखाली पुढच्या पायांवर तोंड ठेवून पडला होता. आत मंदा भात शिजवत होती, पण तिचा चुलीतला जाळ फुंकायचा आवाज थांबला होता, म्हणजे ती ऐकत होती.

"कोनाला तरी द्यायला पायजे," दुर्गा म्हणाली.

"आनि दाजी?"

दुर्गाने आत निजलेल्या दाजीकडे पाहिलं. पण पाटी बंद झाली तर खायचं काय, हाही प्रश्न होताच.

"सुगंधाला विचारून बघते," ती म्हणाली.

सुगंधा उत्तनची. सुकी मासळी घेऊन ती राईला यायची आणि बदल्यात भात न्यायची. आठ-दहा वर्षांची ओळख. कावळे आणि मांजरं बोंबलांची नासाडी करतात, राखणीला कुत्रा चांगलाच, असं ती म्हणाली आणि तांडेलला स्वतः घेऊन गेली. दोरी धरून ती रस्त्याने चालली होती आणि तांडेल दर दहा पावलांवर थांबून मागे बघत होता. मंदा अंगणात उभी राहिली नाही. आत जाऊन भांडी घासायला बसली. ती सकाळीच घासून झाली होती.

दहा दिवस शेजारच्या सरूबाईने दाजीकडे लक्ष ठेवलं. मग धाकू कामावर खाडा करून उत्तनला गेला. नुसतं बघून येतो, म्हणाला. किनाऱ्यावर बांबूच्या वलांड्यांवर बोंबील वाळत होते, माणसं जाळी ओढत होती, पोरं, कोंबड्या, डुकरं सगळीकडे मोकळी. तांडेल सुगंधाच्या घरामागे काथ्याच्या दोरीने माडाला बांधलेला होता. धाकूला बघून तो उठला, शेपटी हलवली, पण भुंकला नाही. मानेवरचे केस झडून चामडी लाल झाली होती. पुढ्यातल्या करटीत भात तसाच, त्यावर माश्या.

सुगंधा ओल्या हातांनी बाहेर आली. "राग मानू नको, धाकूदादा. कावलं हाकलतो तो, चांगला हाकलतो. पन मानसं बोटीवर जायला निघाली की आडवा होतो. माझ्या दिराला दोनदा पान्यातून माघारी हाकलला. तो बोल्ला, बांध त्याला, न्हायतर मी बघतो. बांधला तर खात न्हाय." ती थोडं थांबली. "मीच आनून सोडनार होते. लाज वाटली."

"त्यात तुझा काय दोष?" धाकू म्हणाला आणि दोरी सोडू लागला. गाठ ओलीने घट्ट बसली होती. शेवटी तिने कोयती आणून दिली.

घरी दाजी ओटीवरच होता. तांडेल जाऊन त्याच्या पायाशी बसला. दाजीने चाचपत त्याच्या मानेवर हात नेला, तो लाल चामडीला लागला, आणि त्याने बोटं उचलून घेतली.

"याला कोनी बांधला?"

 मंदाने खोबरेलाची वाटी आणून दाजीच्या हातात दिली आणि दाजी त्या मानेवर बोटाने तेल लावत बसला.

पुढचे दिवस अवघड गेले. तांडेलला घरात कोंडून, बाहेरून कडी घालून आणि दाजीला सरूबाईच्या ओटीवर बसवून ती दोघं कामावर जायची. दारं खरवडल्याचा आवाज सरूबाईला दिवसभर ऐकू यायचा. एकदा तो मागच्या कुडातून भोक पाडून सुटला आणि बांधापर्यंत आला. दुर्गाने पाटी टाकून त्याला धरलं आणि फरपटत घरी नेलं. परत आली तेव्हा तिच्या वाटणीचं मीठ बाकीच्यांनी उचललेलं होतं.  शिवदास पाठ करून उभा होता. त्याने पाहिलं नाही असं त्याला दाखवायचं होतं, हे दुर्गाला कळलं, आणि ते तिला बोलण्यापेक्षा जड गेलं.

वाट निघाली ती पुंडलिकमुळे. पुंडलिक मिठाचा ट्रक चालवायचा. भाईंदरचाच, पण हायवेवर फिरून त्याची बोली सगळी मिसळलेली. गोणी भरेपर्यंत तो धाकूशेजारी बिडी ओढत बसायचा. कुत्र्याची गोष्ट त्याच्या कानावर गेली होती.

"घोडबंदरला एक बकरीवाला आहे," तो म्हणाला. "राघो नाव. कुलाबा जिल्ह्यातला, पोलादपूरचा. भाऊ दगडाच्या खाणीत आहे, हा बकऱ्या पाळतो. खाडीवर नवीन पूल झाल्यापासून ट्रक इतके वाढलेत की त्याच्या बकऱ्या रस्त्यावर येऊन मरतात. परवाच दोन गेल्या. माझ्याच पुढच्या गाडीखाली. मी उतरलो, तर बिचारा रस्त्याच्या मधोमध बसलेला. गाडीवाल्याला काही बोलला पण नाही. एकटा माणूस, चाळीस बकऱ्या, किती बघणार?"

धाकूने फळी खाली ठेवली. "विचारशील त्याला?"

"विचारतो की. अमावास्येला माझी खेप आहे, तेव्हा घेऊनच जाऊ."

अमावास्येला मोठी भरती. त्या दिवशी पाणी आत घ्यायचं असतं, सगळे पुरुष उघाडीवर लागतात आणि बायकांना सुट्टी असते. धाकूला जाता येणार नव्हतं. दुर्गा निघाली. दाजीने काठी घेतली आणि तोही ट्रकपाशी येऊन उभा राहिला.

"दाजी, लांब हाय. तुमी बसा घरी. मंदा हाय."

"मी येतो. मना बघू दे कोनाच्या घरी देता तो."

पुंडलिकने त्याला उचलून गोण्यांवर बसवलं. दुर्गा वर चढली, तांडेलला तिने दोघांच्या मधे धरलं. धाकू खाली उभा होता. त्याने हात वर करून तांडेलच्या पाठीवर ठेवला, तसाच थोडा वेळ ठेवला, मग उघाडीकडे चालू लागला. मंदा आगराच्या फाटकापर्यंत आली आणि ट्रक वळेपर्यंत उभी राहिली. या वेळी तिने तोंड फिरवलं नाही.

नवघर, मिरे ही गावं मागे पडली. दोन्हीकडे पांढऱ्या राशी, मग कापलेली भातखाचरं, मग डोंगर जवळ आले. हायवेला लागल्यावर वारा एवढा लागू लागला की दाजीने मुंडासं सोडून कानांवरून बांधलं. तांडेल नाक वर करून वास घेत होता.

"बकरी हाय कुठंतरी," दाजी म्हणाला.

"तुमाला कसा समजला?"

"याच्या अंगाला हात लावून बघ."

दुर्गाने हात लावला. कातडीखाली तो बारीक थरथरत होता.

राघोचं खोपट रस्त्याच्या वर, डोंगराच्या उतारावर होतं. राघो चाळिशीचा, सडपातळ, खांद्यावर घोंगडी. त्याने आधी दाजीला हात धरून उतरवलं, दगडावर बसवलं, तांब्यातून पाणी दिलं. मग तांडेलसमोर उकिडवा बसला. हात पुढे केला नाही, नुसता बसला. तांडेलने त्याची घोंगडी हुंगली, हात हुंगले.

"मान कशानं सोलली?" राघोने विचारलं.

दुर्गाने उत्तनची हकीकत सांगितली. विमलाबाईचीही सांगितली. लपवावं असं तिला वाटलं होतं, वाटेत तिने तसं ठरवलंही होतं, पण त्या माणसाकडे बघून तिने सगळं सांगून टाकलं. टाचेला दात लावतो, माणसालाही लावतो, बांधला तर खात नाही.

राघो ऐकत होता. "हे मेंढरामागचं रक्त आहे," तो म्हणाला. "ह्यांना शिकवावं लागत नाही. माणसाला चावलं ते वाईट झालं. बाईचा पाय बरा आहे का आता?"

"बरा हाय. कामाला येते."

"मग सोडा दोरी."

"पलाला तर?"

"पळाला तर पळाला. बांधून मला कशाला हवा?"

दुर्गाने दोरी सोडली. तांडेल क्षणभर तिच्या पायांशी उभा राहिला. खाली उतारावर बकऱ्या पांगल्या होत्या आणि तीन करडं रस्त्याच्या कडेच्या गवताकडे चालली होती. तांडेल निघाला तो त्यांच्यावर चालून नाही गेला. लांबचा वळसा घेतला, खालून, रस्त्याच्या कडेने, आणि मग अंग जमिनीसरसं करून वर येऊ लागला. करडं थबकली. एकाने उडी मारून बाजूला निसटायला पाहिलं, तेव्हा त्याच्या मागच्या पायाशी तांडेलने तोंड नेलं, टेकवलं, आणि करडू वर पळालं. त्यामागे बाकीची. खालून एक ट्रक भोंगा वाजवत गेला.

 घोंगडीच्या टोकाने राघोने डोळे पुसले आणि दुसरीकडे बघत राहिला.

दाजीला दिसत नव्हतं. पण करडांच्या खुरांचा आवाज, राघोचं गप्प बसणं हे तो ऐकत होता.

"काय झाला, दुर्गे?"

"वलवून आनली त्यानं. सगली."

दाजीने मान हलवली. "मग त्याला इथंच ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "आपल्याकडं त्याला पुरेल एवढा काम कुठं होता. मी एकला."

दुर्गाने त्याच्याकडे पाहिलं. इतके दिवस तिला वाटत होतं, आपल्याला कोण वळवून आणतं हे म्हाताऱ्याला कळतच नाही.

पुंडलिक मीठ उतरवून तासाभराने परत आला. तांडेल तेव्हा डोंगराच्या निम्म्यावर होता. दुर्गाने हाक मारायला तोंड उघडलं आणि मारली नाही. ट्रक चालू झाला तेव्हा त्याने मान वळवून खाली पाहिलं, एवढं तिला दिसलं. बकऱ्या पुढे सरकल्या तसा तोही सरकला.

रात्री दाजी नीट जेवला. दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला त्याने विचारलं, "तांडेल कुठं गेला?"

"घोडबंदरला दिला ना, दाजी. राघोकडं. तुमीच आला होता."

"असा," दाजी म्हणाला.

तिसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. चौथ्या दिवशीही. दुर्गा दर वेळी तेवढंच सांगायची आणि दर वेळी ते ऐकताना त्याचा चेहरा पहिल्यांदा ऐकल्यासारखा व्हायचा. सरूबाईला रोज जमेना, म्हणून मंदाने शाळा सोडून घरी राहायला सुरुवात केली होती. "थोरे दिवस," धाकू म्हणाला होता. गुरुजी एकदा चौकशीला येऊन गेले. मंदा ओटीवर पुस्तक घेऊन बसायची आणि म्हाताऱ्याच्या काठीकडे लक्ष ठेवायची.

चौदाव्या दिवशी ती विहिरीवर गेली. दोनच घागरी, पण विहिरीवर गर्दी होती.

आगरात तेव्हा ऊन चढलं होतं. दुर्गा राशीच्या माथ्यावर पाटी उलटी करत होती, म्हणून तिला दिसलं. लांब, खाडीकडच्या बांधावर एक वाकलेलं माणूस काठी टेकत चाललं होतं. पाण्याची चमक एवढी होती की ते माणूस पाण्यावरूनच चालल्यासारखं वाटत होतं. दुर्गाच्या हातून पाटी सुटली. ती राशीवरून घसरतच खाली आली. मधे तीन वाफे होते, वळसा घ्यायचा तर वेळ लागणार होता.

पण रांगेच्या पुढच्या टोकाला, त्या बांधाच्या तोंडाशी, विमलाबाई होती. तिने एकदा तिकडे पाहिलं. डोक्यावरची भरली पाटी खाली ठेवली, चुंबळ तिच्यावर ठेवली, आणि रांग सोडून चालू लागली. पाय अजून थोडा ओढत होता, तरी भरभर चालत होती. शिवदास तिच्या वाटेतच उभा होता. तो बाजूला झाला.

दुर्गा पोचली तेव्हा विमलाबाईने दाजीचं कोपर धरलेलं होतं. ती त्याला ओढत नव्हती. त्याच्याबरोबर उभी होती.

"भरती झाली," दाजी तिला सांगत होता. "फल्या उचलायला पायजेत. भाऊ एकला हाय तिकडं."

त्याचा भाऊ जाऊन वीस वर्षं झाली होती.

"धाकू हाय उघाडीवर," विमलाबाई म्हणाली. "त्यानं उचलल्या फल्या. मी आताच बघून आले."

"धाकू? तो लहान हाय."

"मोठा झाला आता. चांगला काम करतो."

दाजी विचार करत उभा राहिला. मग त्याने काठी वळवली. दुर्गाने दुसरा हात धरला आणि तिघंही हळूहळू आगराकडे आली. बायका पाट्या घेऊन थांबल्या होत्या. शालूने रिकामी गोणी झटकून राशीच्या सावलीला अंथरली आणि दाजीला तिच्यावर बसवलं. मंदा ओल्या परकराने धापा टाकत पोचली, आजोबाला बसलेलं पाहून तिथेच थांबली.

विमलाबाईने तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तू उद्यापासून शालेत जा," ती म्हणाली. मग दुर्गाकडे वळली. "याला सकाली इकडंच आनत जा. इथं सावलीत बसंल. आमी एवऱ्या जनी दिवसभर या वाटेनं जातो-येतो. कोनाचा ना कोनाचा डोला असंलच."

दुर्गा शिवदासकडे बघू लागली. शिवदास टोपी काढून कपाळ पुसत होता.

"बसू दे की," तो म्हणाला. "त्याचाच आगर हाय. माझ्या आधीपासून."

"विमलाबाय," दुर्गा म्हणाली आणि तिने तिचा हात धरला.

"चल आता. ऊन वाढायच्या आत दोन खेपा होतील."

विमलाबाई आपल्या पाटीकडे गेली. दुर्गाने खाली बसून पाटी भरली. शालूने हात लावला आणि दोघींनी मिळून ती दुर्गाच्या डोक्यावर चढवली. रांग निघाली. राशीच्या सावलीत दाजी काठी आडवी ठेवून बसला होता, आणि जवळून जाणाऱ्या प्रत्येकीला विचारत होता, पानी किती चढला म्हणून. जी जात होती ती सांगत होती.